पत्र्याच्या पेटीतला मिकी

तू पिशवी दिवाणावर टाकलीस आणि ती ‘च्यूं’ करून ओरडली, तेव्हाच मी ओळखलं. आईला वाटलं, मांजराचं पिल्लू चिरडलंस. आता ती झोपलीय. दार लोटून घे आणि दाखव काय आणलंयस. शेवगावपासून नगरपर्यंत एसटीत साडीच्या घडीत गुंडाळून, मांडीवर धरून आणलंस म्हणजे साधंसुधं नसणार.

अगं बाई, डोनाल्ड! टोपीचा निळा रंग अजून शाबूत आहे की. चोचीवरचा उडालाय, पण तो उडायलाच हवा. चोच म्हणजे पोरांची चावायची जागा. थांब, परत दाबू नकोस, आधी माझ्या हातात दे. हं, मऊ आहे. मग दाब खुशाल.

किती मोजलेस? दीडशे? भंगारवाल्याला? ठीक आहे, फसली नाहीस. आणि घरी कुणाला सांगितलं नाहीस. नाहीच ना? मान खाली घालू नकोस छोटे, मी काही तुझी सासू नाही. मीही हेच केलं होतं. त्याचं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

माझं लग्न झालं तेव्हा माझ्याकडे अकरा होते. मढीच्या जत्रेत हट्ट करून घेतलेला ससा, आत्याने मुंबईहून आणलेला मिकी, आणि बाकीचे कॉलेजात असताना जमवलेले. चितळे रोडला, कापड बाजारात दुकानदार कधी मागच्या फळीवरचा न खपलेला माल काढायचे, तेव्हा पाच-दहा रुपयांना मिळायचे. सासरी आल्यावर मी ते कपाटात ओळीने मांडले. चार दिवस कौतुक झालं. मग शेजारच्या काकू हसत हसत म्हणाल्या, “खेळणी तर आणलीस सूनबाई, पाळणा कधी हलायचा?” पहिल्या वर्षी मीही हसले. दुसऱ्या वर्षी हसू येईना. तिसऱ्या वर्षी एकदा पाहुणे यायचे होते, त्या सकाळी मी अकराही गोळा केले. लग्नातल्या शालूची ती जाड, पारदर्शक, चेनची पिशवी असते ना, तिच्यात कोंबले. पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर. वर पत्रे. आपल्याकडचा उन्हाळा तुला काय सांगायचा? मे महिन्यात त्या माळ्यावर पापड वाळले असते.

दोन उन्हाळ्यांनी पेटी उघडली तर आत एकच खेळणं होतं. सगळ्यांचं मिळून एक. मिकीचा कान डोनाल्डच्या चोचीत विरघळलेला. सशाच्या पोटावर पिशवीवरची दुकानाची अक्षरं उलटी उमटलेली. पोपाय तेवढा वेगळा राहिला होता. त्याला उचलायला गेले तर खारीसारखा चुरा झाला. मी रडलेसुद्धा नाही गं. जी वस्तू आपल्याकडे आहे हेच कुणाला ठाऊक नाही, ती गेली म्हणून कुणापुढे रडणार?

असं का झालं, ते पुढे वाचून वाचून कळलं. या जुन्या खेळण्यांच्या दोन जाती. एक खऱ्या रबराची. रबराचा चीक प्लॅस्टरच्या साच्यात ओततात, प्लॅस्टर पाणी ओढून घेतं, आतल्या कडेला चिकाची साय धरते, उरलेला चीक ओतून काढायचा. मग ती साय वाळवून, भाजून पक्की करायची. पक्की होते ती गंधकामुळे. गंधक आणि उष्णता मिळाली की रबर उन्हाळ्यात पाघळत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे चार्ल्स गुडइअरला १८३९ साली सापडलं. पण हवा आणि ऊन त्याला आतून खातच राहतात. आधी कधीकधी चिकट होतं, मग कडक, मग भेगा. पोपाय तसला. म्हणून मी तुला आधी दाबू दिलं नाही. कडक झालेलं रबर एकदा दाबलं की संपलं.

दुसरी जात व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसी. मूळचं ते नळाच्या पाइपासारखं टणक. त्याला मऊ करायला तेलकट द्रव घालतात, आणि तो द्रव वर्षानुवर्षं हळूहळू वर येत राहतो. घाम फुटल्यासारखा. माझ्या अकरांतले बहुतेक याच जातीचे, आणि शालूची पिशवीही त्याच जातीची. सगळ्यांनी एकमेकांच्या अंगावर घाम गाळला, रंग सुटले, वर पत्र्याची धग. मी चांगली झाकून ठेवते आहे असं समजून भट्टी लावली होती.

मग काय केलंस म्हणून विचारतेस? तो गोळा घेऊन मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्या मेथी निवडत होत्या. “हे काय गं?” म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, काकूंच्या पाळण्यासकट. त्या काही बोलल्या नाहीत. जुडी संपवली, हात धुतले, देवघराखालचा कप्पा ओढला आणि वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा काढला. सिनेमाच्या गाण्यांची चोपडी! थेटराबाहेर मिळायची ना, दोन-चार पानांची, ती. त्यांनी त्यांच्या सासूपासून ज्वारीच्या कणगीत लपवली होती. निम्म्यांना कसर लागलेली.

त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या काचेच्या कपाटातला एक खण दिला. चांदीच्या भांड्यांशेजारचा. आणि तिथे मी दुसरी माती खाल्ली. दिवाळीला निरांजन काढलं तर काळं ठिक्कर. बिचाऱ्या मोलकरणीला बोलणी बसली. पुढे कधीतरी वाचलं की रबरातला गंधक चांदीला काळं करतो. मी जाऊन तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “तुमच्या बाहुल्यांनी केलं म्हणता? बरं.” अजून तिचा विश्वास नाही. तेव्हा चांदीशेजारी रबर नको, एवढं लक्षात ठेव.

आणि खोबरेल तर अजिबात नको. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. माझी एक रबरी बाहुली कडक होऊ लागली म्हणून आजीने तिला रोज सकाळी मालिश सुरू केली. बाळाला करतात तशी, दोन्ही पाय आडवे घेऊन. महिनाभरात बाहुली फुगली, मग लिबलिबीत झाली. तेल रबराला मऊ करत नाही, सडवतं. आजीने तिच्या गालावर काजळाची तीट लावली होती, शेवटी ती तीटच काय ती धड राहिली.

धुवायचं कसं? कोमट पाणी, भांड्यांचा किंवा अंगाचा सौम्य साबण, जुना मऊ ब्रश. बुडाशी शिट्टी बसवलेलं भोक असतं, ते आधी बोटाने दाबून धर. पाणी आत गेलं की आतून बुरशी धरते आणि दाबलं की काळं पाणी शिंकतं. स्पिरिट, थिनर, नेलपेंट काढायचं पाणी, काही नको. आहे तेवढा रंगही निघून येईल. सावलीत वाळव. रबराचं असेल तर वरून चिमूटभर शंखजिऱ्याची पूड चोळ, पंक्चरवाले ट्यूबला लावतात ती. ठेवायचं ते सुती कापडावर किंवा बटर पेपरवर, एकमेकांना न टेकवता, खिडकीपासून लांब. हवाबंद डब्यात नाही, थर्मोकोलवर नाही. डांबराच्या गोळ्याही त्या कप्प्यात नकोत. आणि पोट बसलं असेल तर शिट्टीच्या भोकातून कापूस कोंबत बसू नकोस. आवाज जातो. आवाजच गेला तर मग काय, नुसतं रबर.

हे मात्र माझं स्वतःचं खूळ, सगळ्यांना पटत नाही. काही जण न वापरलेलं, कोऱ्या रंगाचं खेळणं शोधतात. मला वाजणारं लागतं. वाजतं म्हणजे पोट धड आहे, शिट्टी जागेवर आहे, आणि कुणीतरी ते दाबून दाबून जिवंत ठेवलंय. हे शास्त्र नाही हं. पण माझ्या कपाटातली जी टिकली ती वाजणारीच.

आता तुझा डोनाल्ड उलटा कर. बुडाशी काय लिहिलंय? काहीच नाही? मग तो आपल्याकडचा. नाराज होऊ नकोस, ऐक. परदेशी माल ओळखायचा तर बुडाकडचा मजकूर वाचायचा. ‘वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस’ असेल तर तो १९३० च्या दशकातला. ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ म्हणजे त्यानंतरचा, १९८६ च्या आधीचा, कारण त्या वर्षी कंपनीने नाव बदललं. नुसतं ‘डिस्ने’ असेल तर अलीकडचा. शेजारी साल छापलेलं असलं तर भुलायचं नाही. ते बहुधा हक्कांचं साल असतं, खेळणं त्यानंतर कितीही वर्षांनी निघालेलं असू शकतं. आणि कुणी आयएसआय शिक्क्याचं बदक ‘पन्नास वर्षांपूर्वीचं’ म्हणून विकायला लागला तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव. खेळण्यांवर तो शिक्का सक्तीचा झाला तो १ जानेवारी २०२१ पासून.

झीजही बघ. खरी झीज नाकावर, पोटावर, कानाच्या टोकाला असते, जिथे बोटं आणि दात लागतात तिथे. अंगभर सारखी झीज दिसली तर पॉलिश पेपर मारलाय. मी एकदा घरबसल्या मोबाइलवर फोटो बघून एक मिकी मागवला, तब्बल अठराशे रुपयांचा. आला तो नवाकोरा, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला. वास घेतला तर चहाच! तुझ्या भावोजींनी तीन दिवस मला ‘मिकी चाय’ म्हणून चिडवलं. तेव्हापासून माझा नियम असा की हातात धरल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तुझ्यासाठी वर आणखी एक: पाचशेच्या पुढे गेलीस तर आधी मला विचारायचं.

आता ती परदेशी खेळणी कुठे निघायची, तेही ऐक. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बार्बर्टन नावाचं गाव आहे. तिथे ‘सन रबर’ कंपनी होती, १९२३ साली सुरू झालेली. मिकी फायर ब्रिगेडच्या गाडीत, डोनाल्ड मोटारीत, असली रबरी खेळणी ती काढायची. मग युद्ध आलं. जपानने मलाया घेतलं आणि रबराचा पुरवठाच तुटला. जून १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी लोकांना घरातले जुने टायर, रेनकोट, बागेतल्या नळ्या पेट्रोल पंपावर आणून द्यायला सांगितलं. एका पौंडाला एक सेंट. त्यात किती मिकी गेले असतील देव जाणे. त्याच वर्षी त्याच सन रबरने लहान मुलांसाठी मिकीच्या तोंडाचा गॅस मास्क बनवला. मूल घाबरू नये म्हणून. साधारण हजारभरच निघाले म्हणतात. मला तो कुणी फुकट दिला तरी नको. रात्री कपाटाकडे बघवणार नाही.

आपल्याकडे मिकी पोहोचला तो कुणाची परवानगी विचारून नाही. कुठल्या तरी कारागिराने कुठलं तरी चित्र बघून साचा केला. माझ्याकडे आहे ना एक, ये इकडे, बघ. हाताची बोटं मोज. पाच! खऱ्या मिकीला चारच असतात. पण साचा करणाऱ्याला वाटलं असेल, बिचाऱ्याचं एक बोट राहून गेलंय. आणि तोंड बघ, थेट आपल्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यासारखं. बाजारात याला कुणी शंभर रुपये देणार नाही. मी पाच हजारांना देणार नाही. परदेशातला मिकी जगात कुणाकडेही सापडेल, हा पाच बोटांचा नाही सापडायचा.

तुझ्या डोनाल्डच्या डोळ्यांत बघ, काजळ घातल्यासारखी कड आहे. हातानेच रंगवलीय. तो आपलाच.

शोधायचं कुठे? पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाता येतं, मुंबईचा चोर बाजार आहेच. पण तिथल्या लोकांना भाव कळतो. खरं सापडतं ते खेड्यात, जुन्या घरांच्या माळ्यावर. आणि तू आहेस मोक्याच्या जागी. मढी तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे जत्रा. लोकांना गाढवांचा बाजार आणि रेवड्या आठवतात, मला खेळण्यांच्या पालांमधला तो सगळ्या बाजूंनी येणारा च्यूं-च्यूं आवाज आठवतो. आजूबाजूच्या कितीतरी घरांत त्या जत्रेतली जुनी खेळणी पडून असतील.

पण म्हातारी माणसं फसवायची नाहीत. पाथर्डीकडच्या एका वाडीत एका आजीबाईंकडे मला रबरी हत्ती दिसला. बेल्ट लावलेला, टोपी घातलेला, कुठल्यातरी कार्टूनमधला. मी दोनशे काढले. त्यांनी नोटांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “पैसं नको. पातेलं हाय का?” बरोबरच होतं त्यांचं. जुनं द्यायचं आणि भांडं घ्यायचं, हा व्यवहार त्यांना जन्मभर ठाऊक. बोहारणीशी त्या असाच करत आल्या. मी पुढच्या रविवारी झाकणासकट स्टीलचं पातेलं घेऊन गेले. त्यांनी ते बोटाने वाजवून बघितलं, मी हत्ती दाबून बघितला. दोघींचा माल पसंत! तेव्हापासून माझ्या गाडीच्या डिक्कीत दोन पातेली आणि एक डबा असतोच.

आणखी एक, हे जरा गंभीरपणे ऐक. तुझ्या जावेचं लेकरू रांगतंय ना? जुनी खेळणी त्याच्या हाती द्यायची नाहीत, कितीही रडलं तरी. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते सरळ तोंडात जातं. त्याला नवं, शिक्क्याचं घेऊन दे. फ्रान्समध्ये १९६१ पासून एक रबरी जिराफ निघतो, सोफी नावाचा, खऱ्या रबराचा आणि दाबला की वाजणारा. आपल्याकडेही मिळतो, पण किंमत बघून तुला घेरी येईल. साधं बदक पुरे.

सासूचं म्हणशील तर, उद्या जाशील तेव्हा डोनाल्ड पिशवीत वरच ठेव. घडीत नाही. दारात पाऊल टाकलंस की स्वतःच दाखव. त्या म्हणतील, “ही काय लहान लेकरू हाये का?” म्हणू दे. शेजारणी आणखी काही म्हणतील. मला वीस वर्षं म्हणाल्या. मूल नाही म्हणून खेळणी जमवते, असं. रागाच्या भरात मी म्हणायचे, अजिबात तसं नाही. खरं सांगू? थोडं असेलही. कधी रात्री कपाट पुसताना वाटायचं. पण तेवढंच असतं तर मी पातेलं घेऊन वाडीवर कशाला गेले असते? आणि गंमत बघ, घरात लेकरू असतं तर यातलं एक तरी उरलं असतं का? सगळ्यांची नाकं खाल्ली असती. पुण्याचे दिनकर केळकर अडकित्ते, फण्या, दिवे आणि खेळणीसुद्धा गावोगाव फिरून जमवत होते, कमलाबाई त्यांच्या बरोबरीने. लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव त्यांनी त्या संग्रहाला दिलं. म्हणून त्या अडकित्त्यांची किंमत कमी झाली का? आपल्या नगरात रणगाड्यांचं म्युझियम आहे, १९९४ पासून. लोक तिकीट काढून लोखंड बघायला जातात, त्यांना कुणी विचारतं का, लढाई कधी?

हसलीस. बरं झालं.

आता माझं काम. गुपित आहे, भावोजींनाही सांगितलेलं नाही. एमआरएफ माहीत आहे ना? टायरवाली, सचिनच्या बॅटवर होती ती. १९४६ साली मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला एका शेडमध्ये के. एम. मम्मन माप्पिलै नावाच्या तरुणाने ती सुरू केली ती फुगे बनवायला. नावात ‘मद्रास रबर फॅक्टरी’, पण आत यंत्रं नव्हती. १९४९ च्या सुमाराला तिथे फुगे, हातमोजे आणि जोडीला चिकाची वाजणारी खेळणी निघायची. दाबली की ओरडणारी! टायर पुष्कळ पुढे आले. १९८७ साली त्यांनीच फनस्कूल काढली, तीही खेळण्यांची, म्हणजे फिरून मूळ पदावर. पण त्या शेडमधलं एखादं खेळणं मला हवंय. पंचवीस वर्षं शोधतेय. हे असलं काही असतं हे विकणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून कुणी बनावटही करत नाही.

तुझे आजेसासरे मद्रासकडे रेल्वेत होते म्हणालीस ना लग्नात? तुमच्या वाड्याचा माळा कुणी शेवटचा झाडला? पाडव्याची साफसफाई येतेच आहे. सासूबाईंना म्हण, मी चढते वर. पेट्या उघड, हलक्या हाताने. काही रबरी सापडलं तर उन्हात आणू नकोस, पुसू नकोस. बोटाच्या पेराने जरासं चेपून बघ. कडक लागलं तर तसंच मलमलीत ठेव, मी पहिल्या एसटीने येते. मऊ लागलं तर मला फोन लाव, काही बोलू नकोस, मोबाइल त्याच्या पोटाजवळ धर आणि दाब.